डाव्या हाताचं माप

मॅडमनी ब्लाउजच्या बाहीखालचा हात टेबलावर सरळ पसरला आणि म्हणाल्या, "लाव."

मी चिकटपट्टीचा चौकोनी तुकडा चिमट्यानं उचलला, त्यांच्या मनगटाच्या जरा वर ठेवला, अंगठ्यानं दाबला, मनात दहा आकडे मोजले आणि ओढून काढला.

"जोर जास्त झाला. परत."

दुसरा तुकडा लावला.

"आता कमी झाला. परत."

त्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत त्यांच्या हातावर फिकट लाल चौकोनांची रांग उमटली होती. मला ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी मात्र हाताकडं एकदा पाहिलं आणि दुसरा हात पुढं केला. "उद्यापर्यंत जाईल हे. कुणाच्या तरी हातावर शिकायचंच आहे, तर माझ्या हातावर शिक. तिथल्या बायकांच्या हातावर नको."

एमएस्सी झाल्यावरची माझी ती पहिली नोकरी. शहरातल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात मॅडमच्या संशोधन प्रकल्पावर मी सहायक म्हणून लागले होते. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आमचं घर. घरात सगळे कचेरीत काम केलेले. कातडीवरचं आणि कातडीतलं रसायन मोजायचं काम आहे असं सांगितल्यावर आईनं विचारलं, "म्हणजे दवाखान्यात लागलीस का?" वडील म्हणाले, "मोजून करायचं काय?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मलाही नीट येत नव्हतं.

मॅडमना ते येत होतं. कपाशीवर जे विष फवारतात त्याला आमच्याकडं सगळे औषधच म्हणतात. फवारणारा पुरुष सगळ्यांना दिसतो. पण टिपाडात पाणी भरून त्यात औषध कालवायचं आणि बादलीनं पंपात ओतून द्यायचं काम बऱ्याच घरांत बायका करतात. त्यांच्या हातांवर किती औषध पडतं आणि त्यातलं किती कातडीच्या आत जातं, हे मॅडमना मोजायचं होतं. वरचं मोजायची रीत सोपी. स्पिरिट मिसळलेल्या पाण्याच्या पिशवीत हात घालून चोळून धुवायचा आणि ते पाणी बाटलीत भरून आणायचं. आतलं मोजायला चिकटपट्टी लागते. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. एकाच जागी एकामागून एक पट्टी लावून काढली की प्रत्येक पट्टीबरोबर त्याचा एकेक पापुद्रा निघतो. अशा पंधरा पट्ट्या काढायच्या. पाचव्या पट्टीपर्यंत औषध पोचलंय की दहाव्या, हे प्रयोगशाळेतलं यंत्र सांगतं. दुखत नाही, थोडी लाली येते, इतकंच.

आदल्या वर्षी मॅडमच्याच खटपटीनं देवगाव रंगारीच्या बायकांना रबरी हातमोजे वाटले होते. आता त्यांचा फायदा आकड्यांत दाखवायचा, असं प्रकल्पाच्या कागदावर लिहिलेलं होतं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा श्रावण संपत आला होता. दौलताबादचा घाट, वेरूळ, कसाबखेडा करत आमची भाड्याची जीप देवगावला पोचली. मॅडम पुढं बसल्या होत्या आणि मांडीवर बर्फाचा डबा धरून होत्या. मागं ठेवला तर खड्ड्यात उडेल म्हणून. पन्नाशी उलटलेली ती बाई दीड तास तो डबा दोन्ही हातांनी धरून बसली, आणि मी धरते म्हटलं तरी दिला नाही.

ज्या शेतात गेलो तिथल्या मावशींनी आम्हाला पाहिलं ते कपाळाला आठी घालूनच. चाळिशीच्या पुढच्या, उंच, काटक बाई. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घातलेला. मॅडमनी त्यांना बांधावर बसून सगळं समजावून सांगितलं. काय करणार, का करणार, नको असेल तर नाही म्हणा, मधेच थांबवावंसं वाटलं तरी थांबवा. मावशी ऐकत होत्या आणि माझ्या हातातल्या चिमट्याकडं बघत होत्या.

"म्हंजी माझ्या हाताचं कातडं काढता व्हय?"

"अगदी वरचं," मॅडम म्हणाल्या. "आंघोळीला दगडानं घासता ना, तेवढंच."

"दगूड बरा मंग. त्यो शहरातून यायला नाय लागत."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मावशी हसल्या नाहीत, पण हात पुढं केला. मी पट्ट्या लावत गेले, काढत गेले. मॅडमच्या हातावर केलेला सराव उपयोगी पडला. माझा जोर आता सारखा पडत होता. त्या दिवशी सहा बायकांचे हात झाले. परतताना मला वाटलं, या कामात काही अवघड नाही.

चार दिवसांनी यंत्रातून कागद निघाला आणि तो मी दोनदा वाचला.

दर खेपेला एक पट्टी आम्ही कोरी ठेवत असू. कुणाच्याही हाताला न लावलेली. ती तशीच बाटलीत घालायची, बर्फात ठेवायची आणि बाकीच्यांबरोबर तपासायची. तिच्यात काही सापडता कामा नये. सापडलं, तर ते कुणाच्या कातडीतून आलेलं नाही, आमच्याकडून आलेलं आहे, असा त्याचा अर्थ. आणि त्या दिवशीच्या कोऱ्या पट्टीत औषध सापडलं होतं.

मी डोळे मिटून तो दिवस आठवायला लागले. मावशींना बसायला जागा करताना मी टिपाडाजवळची औषधाची बाटली उचलून बाजूला ठेवली होती. हातात आमचे पातळ मोजे होते, म्हणून काही वाटलं नव्हतं. त्याच मोज्यांनी मग मी पट्ट्यांची डबी उघडली.

मॅडमसमोर उभं राहून मी हे सांगितलं. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाटली उचलल्याचं कुणी पाहिलं होतं?"

"नाही."

"म्हणजे तू सांगितलं नसतंस तर कारण शोधण्यात आपला महिना गेला असता. बरं झालं सांगितलंस." मग त्या म्हणाल्या, "सहाही हातांच्या पट्ट्या टाकून द्यायच्या. आणि उद्या देवगावला जायचं."

"उद्या? फवारणी तर पुढच्या आठवड्यात आहे."

"मोजायला नाही जायचं. सांगायला जायचंय."

मला ते पटलं नाही. पुढच्या खेपेला काहीतरी कारण सांगून परत पट्ट्या काढता आल्या असत्या. पण दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. बायका मावशींच्या ओसरीवर जमल्या. मॅडम खाली सतरंजीवर बसल्या आणि त्यांनी सरळ सांगितलं, "आमची चूक झाली. तुमच्या हाताच्या पट्ट्यांना आमच्याच हातून औषध लागलं. त्या दिवसाचं सगळं वाया गेलं. तुम्हाला हरकत नसेल तर परत काढू. नसतील काढायच्या तर तेही सांगा."

"आमच्या हातून" म्हणाल्या. "हिच्या हातून" म्हणाल्या नाहीत. मी मान खाली घालून बसले होते.

मग मावशी उठल्या, आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. मॅडमच्या समोर बशी ठेवत म्हणाल्या, "आमच्या गावात लई लोक येतात. फोटू काढतात, कागदावर अंगठे घेतात. चुकलं म्हणून सांगाया कुणी पेट्रोल जाळून आलं नव्हतं." आणि मग, "तुमी खरं बोलल्या म्हणून मी बी एक सांगते. राग मानू नका."

"सांगा ना."

"त्या हातमोज्यानं आग जास्ती होते."

मी पटकन म्हणाले, "मावशी, असं कसं होईल? मोजे आहेत म्हणून तर औषध हाताला लागत नाही."

"तुला काय माहीत, बाई? हात माझाय."

मॅडमनी मला गप्प राहायची खूण केली. पिशवीतून वही काढली. "कुठल्या हाताला जास्त?"

"डाव्या. उजव्यात मी मोजा घालतच नाय. त्यानं बाटलीचं झाकण फिरत नाय, घसरतं. डाव्यात तेवढा घालते, तुमी सांगितलं म्हणून."

"म्हणजे बाटली, माप, झाकण सगळं उघड्या उजव्या हातानं. आणि आग डाव्याला?"

"व्हय. संध्याकाळी भाकर थापताना डाव्याला चुरचुरतं. उजव्याला नाय."

मॅडमनी त्यांचा डावा हात मागितला. उलटा केला, सुलटा केला. मनगटाजवळ आणि पंजाच्या वरच्या बाजूला कातडी कोरडी पडून सोलवटलेली होती. बोटांच्या टोकाशी नव्हती. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "आज पंपात पाणी ओतून दाखवता? साधं पाणी."

आम्ही सगळे शेतात गेलो. मावशींनी डाव्या हातात मोजा घातला, टिपाडातून बादली भरली, उजव्या हातानं तळ धरला, डाव्या हातानं कडी धरून वर उचलली आणि उंचावर ठेवलेल्या पंपात ओतली. बादलीच्या काठावरून पाण्याचा एक ओघळ डाव्या हातावर मनगटाच्या वर आला, तिथून पंजाकडं उतरला आणि मोज्याच्या आखूड तोंडातून आत गेला. मॅडम म्हणाल्या, "परत." परत तसंच झालं. पाच वेळा त्यांनी ते बघितलं.

परतीच्या वाटेवर मी उत्साहानं म्हणाले, "पुढच्या वेळी काही बायकांना मोजे न घालता काम करायला सांगू. लगेच कळेल."

"विषात उघडा हात घाल असं मी कुणालाही सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "गरजही नाही. मावशी रोज जे करतात तेच करू देत. एकाच बाईचे दोन हात, एकात मोजा, एकात नाही. प्रयोगशाळेत बसून मला असा प्रयोग सुचला नसता."

पुढच्या आठवड्यात फवारणीच्या दिवशी आम्ही परत गेलो. या वेळी मी बाटलीच्या दहा हात लांब सतरंजी टाकली आणि दर बाईमागं मोजे बदलले. मावशींचं काम संपल्यावर आधी दोन्ही हात वेगवेगळ्या पिशव्यांत धुतले. मग प्रत्येक हाताच्या पंधरा पट्ट्या. मावशी या खेपेला स्वतः मोजत होत्या. अकराव्या पट्टीला मी बाटलीवर दहा लिहिलं, तर म्हणाल्या, "अकरा झाल्या." मी बोटानं परत मोजल्या. अकराच होत्या.

त्यांचा तो मोजाही मॅडमनी मागून घेतला आणि स्वतःच्या पिशवीतली नवी जोडी त्यांना दिली.

यंत्राचे आकडे यायला दोन दिवस लागले. हात धुतलेल्या पाण्याचे आधी आले. उजव्या, म्हणजे उघड्या हातावर औषध जास्त. डाव्यावर बरंच कमी. मी खुशीत म्हणाले, "बघा मॅडम, मोज्यांचा फायदा आहे."

"पट्ट्या होऊ देत."

पट्ट्यांनी सगळं उलटं केलं. उजव्या हाताच्या पहिल्या दोनतीन पट्ट्यांत औषध होतं, पुढं ते घटत घटत सहाव्या पट्टीशी दिसेनासं झालं. डाव्या हाताचं घटतच नव्हतं. दहाव्या पट्टीत होतं. बाराव्या पट्टीत होतं. कोरी पट्टी या खेपेला अगदी स्वच्छ होती.

उजवा हात भिजला की मावशी तो लगेच साध्या पाण्याच्या बादलीत बुचकळून पुसत होत्या. डाव्या हाताचं औषध मोज्यात शिरलं की तिथंच राहत होतं, घामानं भिजलेल्या गरम कातडीला चिकटून, तासन् तास. कातडी ते पीत होती. मावशींकडून आणलेला मोजा मॅडमनी उलटा करून धुतला, त्या पाण्यातही आतल्या बाजूनं भरपूर औषध निघालं.

मॅडमनी तेच नमुने तीन वेळा यंत्रात घालायला लावले. तिन्ही वेळा तेच आलं. तेव्हा त्या खुर्चीत मागं टेकल्या आणि म्हणाल्या, "मावशी बरोबर सांगत होत्या." मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "ते मोजे मी वाटले गं."

एवढंच. मी त्यांना त्याआधी किंवा नंतर कधी तशा आवाजात बोलताना ऐकलं नाही.

पुढं बाकीच्या बायकांचे हात तपासले. ज्या ज्या बाईच्या मोज्यात पाणी शिरत होतं तिथं कमीजास्त असंच दिसलं. ज्या एकीनं जुन्या साडीची पट्टी मनगटावर घट्ट बांधली होती तिचं आतलं औषध कमी होतं. म्हणजे दोष मोजा घालण्यात नव्हता, मोजा आखूड असण्यात होता.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा प्रकल्पावर देखरेख करणारे एक ज्येष्ठ गृहस्थ विभागात आले होते. सज्जन माणूस, मॅडमचा मान ठेवणारा. आकडे पाहून म्हणाले, "हात धुतलेल्या पाण्याचे आकडे उत्तम आहेत. तेवढे द्या. पट्ट्यांचं काम पुढच्या टप्प्यात दाखवू. मोजे वाटायची योजना तुमचीच होती, उगाच तुमच्यावर येईल."

मॅडमनी त्यांना पाणी दिलं. म्हणाल्या, "सर, माझ्यावर यायलाच पाहिजे. वरचं तेवढं सांगितलं तर पुढच्या वर्षी आणखी दहा गावांत हेच मोजे जातील."

"विचार करा."

"केलाय."

अहवालात दोन्ही आकडे गेले. आणि तो पाठवण्याच्या आधी मॅडम देवगावला गेल्या, कारण ज्यांच्या कातडीतून आकडे निघाले त्यांना ते आधी कळले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं की आम्ही दिलेले मोजे आखूड आहेत, ते आजपासून वापरू नका. कोपरापर्यंतचे लांब मोजे त्यांनी बरोबर आणले होते. ते वरच्या बाजूनं साबणानं धुवायचे आणि मगच काढायचे, फाटला की टाकायचा, हेही करून दाखवलं.

मावशींनी लांब मोजा घालून बघितला. बोटं हलवली. "झाकण याच्यानं बी फिरायचं नाय."

मॅडमनी दुसरा मोजा घालून बाटलीचं झाकण फिरवून बघितलं. घसरलं.

"थांबा," मावशी म्हणाल्या. आत जाऊन सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून आणला, बाटलीच्या झाकणावर ताणून बसवला आणि मोजा घातलेल्या हातानं झाकण गर्रकन फिरवून दाखवलं. "हे असं. आनि बादली उचलायचीच कशाला? पंप खाली ठिवला आन् नरसाळं लावलं तर वघळ येतोच कुठून?"

पुढच्या हंगामात गावातल्या बायका पंप खाली ठेवून, नरसाळ्यातून औषध ओतत होत्या आणि बाटल्यांच्या झाकणांना सायकलच्या ट्यूबची कडी होती. ते शिकवायला आम्ही गेलो नव्हतो. मावशीच शेतोशेत फिरल्या होत्या. आम्ही परत पट्ट्या काढल्या तेव्हा मावशींच्या डाव्या हाताचं औषध तिसऱ्या पट्टीपाशी संपलं. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या पंजावरची सोलवटलेली कातडी भरून आली होती.

मॅडमचा शोधनिबंध छापून आला. त्यात बायकांची नावं द्यायची नाहीत असा नियम असतो, आणि तो योग्यच आहे. पण मॅडमनी सुरुवातीलाच एक वाक्य घातलं होतं. त्यावर छापणाऱ्यांशी त्यांचा दोनदा पत्रव्यवहार झाला, तरी त्यांनी ते काढू दिलं नाही. हे संशोधन एका शेतकरी स्त्रीनं स्वतःच्या हाताबद्दल केलेल्या निरीक्षणावरून सुरू झालं, अशा अर्थाचं ते वाक्य.

त्यानंतर एकदा मावशी लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गुलमंडीत आल्या होत्या. मला फोन केला. मी त्यांना दुकानातून रिक्षानं प्रयोगशाळेत घेऊन गेले. मॅडम त्यांना यंत्रापाशी घेऊन गेल्या, उघडून दाखवलं, मग त्यांच्या दोन्ही हातांचे आलेख टेबलावर मांडले. मावशींनी हातातल्या कापडाच्या पिशव्या खाली ठेवल्या, पदरानं बोट पुसलं आणि डाव्या हाताच्या आलेखावरच्या उंच टोकावर ठेवलं.

"हे माझ्या आत होतं?"

"होतं," मॅडम म्हणाल्या. "आणि हे यंदाचं." त्यांनी दुसरा कागद पुढं सरकवला. तिथं टोक जवळपास नव्हतंच.

मावशी दोन्ही कागदांकडं आळीपाळीनं बघत होत्या. मी त्यांना निबंधातलं ते वाक्य मराठीत करून सांगितलं.

"परत सांग," त्या म्हणाल्या.

मी परत सांगितलं.

"निरीक्षण म्हंजी?"

"लक्ष देऊन बघणं," मॅडम म्हणाल्या. "जे आम्ही केलं नव्हतं."

मग मावशी जायला उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "मॅडम, फवारणीचे कपडे माझी सून धुते. साध्या हातानं. दगडावर आपटून. तिच्या हातात किती जात असंल, हे बघितलंय का कुणी?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

"नाही बघितलं," मॅडम म्हणाल्या, आणि मावशींच्या पिशव्या उचलून टेबलावर ठेवत त्यांना परत खुर्चीवर बसवलं. "बसा. ती कधी धुते, किती पाण्यात, साबण कधी लावते, सगळं नीट सांगा."

मावशी बसल्या. मी वही उघडली. त्या सांगत होत्या, मॅडम मधे मधे विचारत होत्या, आणि त्या दोघींपैकी जास्त शिकलेली कोण, हे त्या वेळी बाहेरून आलेल्या कुणाला पटकन सांगता आलं नसतं.